हीटर चालू, हात गार!

तुमच्या गाडीत एसीच्या बटणाशेजारी एक गोल नॉब असतो. अर्धा निळा, अर्धा लाल. खरं सांगा, तो लाल टोकापर्यंत तुम्ही शेवटचा कधी फिरवला होतात? पुण्या-मुंबईतल्या दहा जणांना विचारलं, तर नऊ जण खांदे उडवतील आणि दहावा महाबळेश्वरच्या ट्रिपची आठवण सांगत बसेल. गाडी घेताना आपण एसी दोनदा तपासतो, म्युझिक सिस्टीम तीनदा... आणि हीटर? तो असतो. आहे म्हणून आहे.

माझ्या गाडीतही तो असाच होता. मग कंपनीनं दोन वर्षांसाठी नोएडाला धाडलं आणि माझ्यामागोमाग माझी छोटी हॅचबॅकही ट्रकवर बसून उत्तरेला आली. २०१४ चं मॉडेल, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, पुण्यात सेकंडहँड घेतलेली. ऑक्टोबर मजेत गेला, नोव्हेंबर धुरात गेला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर सहा अंश असताना, नॉब लाल टोकाला नेला, ब्लोअर चारवर टाकला आणि दहा मिनिटं गाडी चालवली. व्हेंटमधून आली ती कोमट झुळूक. टेबलावर विसरलेला चहा मीटिंग संपल्यावर जसा लागतो ना, अगदी तशी.

दिल्लीकडची थंडी आणि आपली निफाडची थंडी यांत फरक आहे. निफाडचा पारा एखाद्या पहाटे घसरतो, पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि दुपारी माणसं स्वेटर काढून कमरेला बांधतात. इथे एकदा धुकं बसलं की दुपारसुद्धा वर यायला तयार नसते. १ जानेवारी २०२१ ला सफदरजंगला १.१ अंशाची नोंद झाली होती. शिवाय जानेवारीत आई-बाबा पंधरा दिवसांसाठी येणार होते. बेत होता हरिद्वार, मसुरी, जमलंच तर पुढे धनौल्टीच्या बर्फापर्यंत. बाबांना दमा आहे. थंड, कोरडी हवा छातीत गेली की त्यांचा श्वास आखडतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे हे प्रकरण ‘चालतंय की, जॅकेट घालू’ यावर सोडून देण्यासारखं नव्हतं.

गाडी एका चकाचक वर्कशॉपमध्ये नेली. कॉफी मिळाली. टॅब घेतलेल्या मुलानं व्हेंटसमोर हात धरला, तीन सेकंद विचार केला आणि निकाल दिला, ‘मॅडम, हीटर कोअर चोक है. पूरा डॅशबोर्ड खोलना पडेगा. अठरा हजार.’

बॉनेट न उघडता! डॉक्टरनं नाडीसुद्धा न बघता थेट ऑपरेशनची तारीख द्यावी, तसं. ‘सोचकर बताती हूँ’ म्हणाले आणि गाडी घेऊन निघाले. ऑफिसमध्ये आमचं काम सॉफ्टवेअरमधले बग शोधायचं. त्यातला पहिला धडा असतो की महागडा उपाय करण्याआधी स्वस्तातल्या शंका फेडून घ्याव्यात. म्हटलं, हाच धडा गाडीला लावून बघू.

उरलेल्या उष्णतेचा संसार

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं होईल. आपल्या छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये उष्णता तयार करणारं वेगळं यंत्र नसतंच. बाथरूममधला गीझर वीज खाऊन पाणी तापवतो. गाडीचा हीटर मात्र इंजिनाकडचं उरलंसुरलं उचलतो. जाळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम एक हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची बरीचशी उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि कूलंटमधून निघून जाते. इंजिनाभोवती फिरून तापलेल्या कूलंटचा एक फाटा डॅशबोर्डच्या मागे जातो. तिथे जाडजूड कादंबरीएवढा एक चिमुकला रेडिएटर असतो. तोच हीटर कोअर. ब्लोअर त्यातून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन तुमच्या पायांवर, तोंडावर, काचेवर येते. लाल-निळा नॉब काय करतो? बहुतेक मॅन्युअल गाड्यांमध्ये तो एका केबलनं आतली एक झडप हलवतो. हवेला कोअरमधून जाऊ द्यायचं की बाजूनं, एवढंच तो ठरवतो.

म्हणजे विचारायचे प्रश्न चारच. कूलंट पुरेसा तापतोय का? तापलेला कूलंट कोअरपर्यंत पोहोचतोय का? झडप नीट उघडतेय का? आणि हवा जोरात येतेय का? यातले शेवटचे दोन तपासायला पैसे लागत नाहीत, म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली.

हवा कमी येत असेल तर पहिला संशयित केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हातानं निघतो. दिल्लीतला एक नोव्हेंबर त्याला काळाठिक्कर करायला पुरतो. गंमत म्हणजे काही स्वस्त व्हेरियंटमध्ये फिल्टरच दिलेला नसतो, नुसती खाच असते. माझ्या गाडीत होता, बदलला, हवा मोकळी झाली. पण कोमटच. ब्लोअर फक्त चारवर चालतो आणि एक-दोन-तीनवर गप्प बसतो असं असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. तो छोटा सुटा भाग आहे, त्यासाठी मोटर बदलायची गरज नाही. माझे चारही स्पीड ठणठणीत होते.

मग नॉब. गाडी बंद करून, कान डॅशबोर्डला लावून, नॉब या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवा. आत झडप आपटल्याचा हलका ‘ठप्’ ऐकू यायला हवा. नॉब रिकाम्या बरणीच्या झाकणासारखा अलगद फिरत असेल किंवा लाल टोकाच्या आधीच अडत असेल, तर केबल सुटली किंवा सरकली आहे. अशा वेळी मिस्त्री दहा मिनिटांत ती परत अडकवून देतो. माझ्याकडे दोन्ही बाजूंना व्यवस्थित ‘ठप्’ वाजला. एव्हाना सोसायटीच्या वॉचमनला मी गाडीशी बोलतेय असं वाटायला लागलं होतं.

निळा दिवा काय सांगत नाही

आता खरी परीक्षा, कूलंट तापतोय का? जुन्या गाड्यांमध्ये यासाठी काटा असायचा. आता कित्येक छोट्या गाड्यांमध्ये काटा गायब झालाय आणि त्याच्या जागी दोन दिवे आलेत. इंजिन थंड असताना निळा, भलतंच तापलं तर लाल. मधल्या सगळ्या प्रदेशात अंधार! निळा दिवा विझला की आपल्याला वाटतं, झालं, इंजिन तापलं. पण तो बऱ्याच आधी विझतो. इंजिनाला हवं असलेलं तापमान साधारण ८५ ते ९५ अंशांच्या घरातलं असतं.

यावर उपाय म्हणजे काडेपेटीएवढा ओबीडी डोंगल. ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो खोचला आणि मोबाइल ब्लूटूथनं जोडला की इंजिनाचं तापमान आकड्यात दिसतं. मी तो लावून दोन दिवस ऑफिसला गेले. कालिंदी कुंजच्या ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकताना आकडा चढत चढत ७८ वर गेला. एक्स्प्रेसवेला लागून सत्तरच्या स्पीडनं निघाले, तर आकडा वाढायच्या ऐवजी उतरायला लागला. ७४... ६८... ६१! आणि व्हेंटमधली झुळूक कोमटवरून गार.

हे लक्षण लक्षात ठेवा, कारण ते फार बोलकं आहे. ट्रॅफिकमध्ये बरा आणि हायवेवर थंड पडणारा हीटर म्हणजे संशय थेट थर्मोस्टॅटवर. हा थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेला एक छोटा व्हॉल्व्ह. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडे जाणारा रस्ता बंद ठेवतो, म्हणजे इंजिनातलं पाणी लवकर तापावं. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि जादाची उष्णता रेडिएटरकडे जाते. तो उघडाच अडकला, तर थंड वाऱ्यातून धावणारा रेडिएटर पहिल्या मिनिटापासून इंजिन गार करत राहतो.

याच्या बरोबर उलट लक्षण असेल, म्हणजे गाडी रेस केली की गरम हवा आणि सिग्नलला उभी राहिली की गार, तर बघायचं कूलंटकडे. पातळी कमी असते, पाइपात हवा अडकलेली असते, नाहीतर वॉटर पंप थकलेला असतो. हवा अडकली असेल तर डॅशबोर्डमागून माठात पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज येतो. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण गार असतानाच बघायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका. आत दाबाखाली असलेला कूलंट शंभर अंशांच्या वर गेलेला असू शकतो आणि झाकण सैल होताच तो कारंज्यासारखा उसळतो. हात आणि चेहरा भाजलेली माणसं गॅरेजवाल्यांनी पाहिलेली असतात, विचारा त्यांना.

दोन पाइप

आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत एक वयस्क मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. टिनाची शेड, एक रॅम्प, एक रेडिओ. मी मोबाइलवरचे आकडे दाखवले तर त्यांनी चष्मा वर केला, पाहिले आणि म्हणाले, ‘ये तो ठीक है बेटा, पर पहले पाइप देखेंगे.’

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या लोखंडी भिंतीतून दोन रबरी पाइप आत जातात. एक कूलंट कोअरकडे नेतो, दुसरा परत आणतो. इंजिन तापल्यावर, नॉब लाल टोकाला आणि ब्लोअर एकवर ठेवून दोन्हींचं तापमान बघायचं. दोन्ही गरम, परतीचा किंचित कमी, तर कोअरमधून प्रवाह चांगला आहे. दोन्ही कोमट, तर मुळात पाणीच तापत नाहीये. एक गरम आणि दुसरा गार, तर कोअर तुंबलाय. अठरा हजारांचा सल्ला द्यायच्या आधी करायची तपासणी ती हीच आणि ती पाच मिनिटांची आहे! (घरी करणार असाल तर ओढणी, मफलर, मोकळे केस आधी आवरा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. आणि कोविडच्या काळात घेतलेली कपाळाची थर्मामीटर गन इथे कामाची नाही, ती माणसांच्या तापापुरतीच असते.)

चाचांकडे चांगली इन्फ्रारेड गन होती. जाणारा पाइप ७१, येणारा ४४. चाचा म्हणाले, ‘दो बीमारी है.’ म्हणजे पाणी पुरेसं तापत नाही, हे तर आहेच, पण कोअरही अर्धा तुंबलेला आहे. म्हणजे चकाचक वर्कशॉपमधला मुलगा पूर्ण चुकला होता असंही नाही. पण त्याचं ऐकून अठरा हजार मोजले असते, तरी नव्या कोऱ्या कोअरमधून एकसष्ट अंशांचंच पाणी फिरलं असतं.

इंजिन गार झाल्यावर चाचांनी थर्मोस्टॅटचं घर उघडलं. दोन बोल्ट. आत बोट घातलं आणि हसायला लागले. व्हॉल्व्ह अडकला नव्हता, तो तिथे नव्हताच! रिकामी जागा.

मी तिथूनच गाडीच्या आधीच्या मालकांना, कोथरूडच्या एका काकांना फोन लावला. ते आठवून म्हणाले, ‘अगं, तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तापली होती. तिथल्या गॅरेजवाल्यानं आतला एक व्हॉल्व्ह काढून टाकला. त्यानंतर एकदाही तापली नाही बघ! मस्त झाली गाडी.’

काकांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. आपल्याकडच्या गॅरेजांमधलं हे जुनं शहाणपण आहे. ‘आपल्या हवेत कशाला लागतो थर्मोस्टॅट? काढून टाका, इंजिन थंड राहील.’ पुण्याच्या उन्हात ते खपूनही जातं, कारण हीटर कोणी लावतच नाही. पण इंजिनाला थंड राहायचं नसतं, त्याला ठरावीक तापमानात राहायचं असतं. ते गार असलं की गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ आणि घाण होतं, आणि झीज वाढते. काही इंजिनांच्या रचनेत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी आडवाटेनं फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये यासाठी खास कोडही आहे, पी ०१२८. तो दिसला की समजायचं, कूलंट हव्या त्या तापमानाला पोहोचत नाहीये.

चाचांना मात्र दुसराच प्रश्न पडला होता आणि मला तो फार आवडला. ‘गाडी तब गरम क्यों हुई थी?’ खरंच की! व्हॉल्व्ह काढून मूळ दुखणं कुणीतरी झाकून ठेवलं होतं. आता नवीन व्हॉल्व्ह बसवला की ते परत डोकं वर काढणार, तेही कदाचित मसुरीच्या चढावर. मग शोधाशोध. पंख्याची रिले कधी लागायची, कधी नाही. रेडिएटर रिकामा केला तर बाहेर आलं ते कूलंट नव्हतं, विटकरी रंगाचं साधं पाणी होतं. वर्षानुवर्षं कुणीतरी नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतत आलं होतं. त्यातला क्षार आणि गंज कोअरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसला होता, म्हणून येणारा पाइप ४४.

इथे माझ्या पोटात खड्डा पडला. साध्या पाण्याची ही गाडी घेऊन मी आई-बाबांना धनौल्टीला नेणार होते. जानेवारीच्या रात्री तिथे पारा शून्याखाली जातो. पाणी गोठलं की फुगतं आणि त्या दाबानं रेडिएटर काय, इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं तर ते साधारण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही, शिवाय गंज धरू देत नाही. पुण्यात पहिला फायदा लागत नाही, पण दुसरा बारा महिने लागतो.

दुपारभर काम चाललं. कोअरचे दोन्ही पाइप काढून उलट्या दिशेनं, अगदी कमी दाबानं पाणी सोडलं. जोरात सोडलं तर पातळ नळ्या फुटतात. आधी चहा, मग फिकट चहा, मग स्वच्छ पाणी. नवा थर्मोस्टॅट, नवी रिले, नवा कूलंट. मग पुढची चाकं रॅम्पवर चढवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, नॉब लाल टोकाला ठेवून गार इंजिन सुरू केलं आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत वाट पाहिली. हा शेवटचा भाग कंटाळवाणा असतो म्हणून बरेच जण टाळतात. तो टाळला की अडकलेली हवा पुन्हा हीटर बंद पाडते आणि आपल्याला वाटतं, खर्च वाया गेला.

बिल झालं तीन हजार चारशे. थर्मोस्टॅट आणि गॅस्केट ८५०, कूलंट ११००, रिले २५०, मजुरी १२००. दुसऱ्या दिवशी एक्स्प्रेसवेवर डोंगलचा आकडा ८६ ते ९० मध्ये खिळून राहिला आणि व्हेंटसमोर धरलेल्या थर्मामीटरनं ५४ अंश दाखवले. नंतरच्या महिन्यात अ‍ॅव्हरेज लिटरला चौदावरून साडेसोळावर गेलं. दोन वर्षं पुण्यातही मी जादा पेट्रोल जाळत होते म्हणायचं, रिकाम्या जागेपायी.

सीएनजीवाल्यांनो, इकडे लक्ष द्या

माझ्या गाडीत नव्हतं, पण चाचांच्या शेडमध्ये रोज येणारं एक प्रकरण सांगायलाच हवं. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या. सिलिंडरमधला दाबाखालचा गॅस रिड्यूसरमध्ये सैल होताना प्रचंड गार पडतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनाचं गरम पाणी द्यावं लागतं, आणि हे पाणी बहुधा हीटरच्याच पाइपांना फाटा मारून घेतात. फाटा चुकीच्या जागी मारला, पाइप मुडपला किंवा काम झाल्यावर हवा काढली नाही, की बिचाऱ्या हीटरच्या वाट्याला उरलंसुरलंसुद्धा येत नाही. किट बसवल्यानंतरच्या पहिल्या थंडीत हीटर बिघडला असेल, तर डॅशबोर्डला हात लावायच्या आधी तो फाटा बघायला सांगा.

आणि दोन लक्षणांना मात्र ‘बघू नंतर’ म्हणायचं नाही. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून पुसली न जाणारी तेलकट साय, डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं, म्हणजे कोअर गळतोय आणि त्याची वाफ तुम्ही श्वासात घेताय. तिथे डॅशबोर्ड खोलण्याला पर्याय नाही. दुसरं, कूलंट सारखा कमी होतोय पण गळती कुठेच नाही, आणि गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय. तो हेड गॅस्केट असू शकतो. अशा वेळी हीटर कधी गरम, कधी गार असा लहरी होतो. इंजिन पूर्ण बसण्याआधीची ती सूचना असते, म्हणून गाडी चालवत राहू नका.

काच, वाफ आणि एसी

थंडीत हीटर लागतो तो निव्वळ ऊब म्हणून, असा आपला समज असतो. मला विचाराल तर त्याचं पहिलं काम काच साफ ठेवणं. बंद गाडीत चार माणसं श्वास सोडतात, गप्पा मारतात, आणि ती वाफ गार काचेवर आतून बसते. आपल्याला पावसाळ्यातला लोणावळ्याचा घाट माहीत असतो. तिथे एसीनं काच जास्त गार झाली की बाहेरून वाफ धरते आणि वायपरनं जाते. हिवाळ्यात वाफ आत असते, वायपर काय करणार? रुमालानं पुसलं तर ओघळ राहतात आणि समोरच्या ट्रकचे दिवे फुलासारखे पसरतात.

उपाय असा. हवा काचेकडे, नॉब लालवर, रिसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा आत, आणि एसी चालू. हो, थंडीत एसी! एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर तीच कोरडी हवा गरम करतो. मिनिटभरात काच लख्ख. पण पारा शून्याच्या जवळ गेला की बऱ्याच गाड्यांमध्ये एसीचा कॉम्प्रेसर स्वतःहून बंद राहतो. मग उरतो फक्त हीटर. यमुना एक्स्प्रेसवेवर दाट धुक्यात, पुढे पन्नास फूट दिसत नसताना, आतली काचही धूसर झाली तर काय होईल याचा विचार करा. बाबांच्या दम्याइतकीच ही भीती माझ्या डोक्यात होती.

सकाळी उभी गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवून ‘तापवायची’ सवयही सोडा. एक लिटरचं इंजिन नुसतं गुरगुरत असताना कूलंटला जेमतेम घरच्या गीझरइतकी उष्णता देतं आणि त्यातली बरीचशी लोखंड तापवण्यातच जाते. अर्ध्या-एक मिनिटात निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवा, ते लवकर तापतं. माझा एक मित्र स्टुटगार्टला असतो. तिकडे उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवणं नियमानंच मना आहे, दंड होतो.

आपल्याकडे यात पैशांपेक्षा मोठी जोखीम आहे. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून कधीच बसू नका. हिमाचल-उत्तराखंडात बर्फात अडकलात, तर सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही ना, हे उतरून बघा, बघत राहा आणि एक काच बोटभर खाली ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, फक्त झोप येते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त पर्यटक गेले. थंडी आणि हा वायू, ही दोन कारणं तेव्हा पुढे आली होती.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा हिशेब वेगळा. तिथे इंजिनाची फुकट उष्णता नाही. हीटर थेट बॅटरीतून वीज घेतो, म्हणून थंडीत रेंज घटते. निघण्याआधी चार्जर लावलेला असतानाच केबिन गरम करून घेणं आणि सीट हीटर असेल तर तो वापरणं, एवढं जमलं तरी बरंच काम होतं.

आणि शेवटचं, कूलंट बदलून घेतलात तर जुना कुठे जातो ते बघा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गॅरेजच्या गटाराजवळ साचलेलं डबकं गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. चाचा जुना कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवतात आणि वापरलेलं ऑइल उचलायला येणाऱ्याच्या हवाली करतात. उरलेला नवा कूलंट त्यांनी मला बाटलीत भरून दिला, वर लाल पेननं ‘जहर’ लिहून. ती बाटली आता डिकीत आहे, पाण्याच्या बाटल्यांपासून लांब.